कुंदाताईंची पॉवर रूम

लोकांच्या हॉलमध्ये भिंतीवर देव असतात, नाहीतर मुलांचे पदवी घेतानाचे फोटो. कुंदाताई रणदिव्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर अडाप्टर टांगलेले असत. एका ओळीत खिळे, प्रत्येक खिळ्याला एक काळा ठोकळा, खाली लोंबणारी वायर आणि वायरीच्या टोकाशी बांधलेली एकेक काचेची बांगडी. हिरवी, लाल, मोरपंखी, सोनेरी टिकल्यांची. नव्या माणसाला वाटे, बाईंनी कासाराचं दुकान काढलंय की काय. देव होते, पण स्वयंपाकघरात, फ्रिजवर. त्यांना वीज लागत नाही, तेव्हा त्यांना कुठेही ठेवलं तरी चालतं, असं ताईंचं म्हणणं.

नवीन पनवेलला आमची सोसायटी. तळमजल्यावर त्या, आणि बरोब्बर त्यांच्या डोक्यावर मी. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणत. आता या शब्दात वाईट काही नाही, पण ताईंच्या तोंडून तो आला की उगाच आपण गृहपाठ न करता आलोय असं वाटायचं. आमची ओळखही भांडणातूनच व्हायची होती, पण ते भांडण थोडक्यात हुकलं. नुकतेच राहायला आलो होतो. शाळेतून दमून यावं, जरा पाठ टेकावी, तर खालून घूंऽऽ असा आवाज. थांबायचा, परत सुरू व्हायचा. दोन-तीन दुपारी सोसलं आणि मग पदर खोचून खाली गेले. दार सताड उघडं. टेबलावर पोळपाट, पोळपाटावर एक चपटी लोखंडी डबी, आणि ताई तिच्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावून बसलेल्या. मी "अहो" म्हणायला तोंड उघडलं तर मान न वळवता त्यांनी हात वर केला.

"गप्प. उठतेय."

कोण उठतंय, काय उठतंय, मला काही कळेना. पण त्या आवाजात अशी काही जरब होती की मी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीसारखी उंबऱ्यावर उभी राहिले. डबीतला आवाज चढत गेला, एका पट्टीत स्थिर झाला. मग ताईंनी दुसरी वायर कॉम्प्युटरला लावली, पडद्यावर पिवळे फोल्डर उमटले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बसवलं, कोकम सरबत दिलं, वर एक तळलेला बोंबील दिला आणि नंतर विचारलं, काय तक्रार आहे. बोंबील खाऊन तक्रार कशी करणार? पाणी येतंय का विचारायला आले होते, म्हटलं मी. ताई म्हणाल्या, खोटं बोलताय, पण बसा.

ती डबी म्हणजे हार्ड डिस्क, हे मला त्या दिवशी समजलं. ज्या घरांनी दोन हजार सालाच्या आगेमागे हौसेने पहिला कॉम्प्युटर घेतला, त्यांचे ते खोके पुढच्या आठ-दहा वर्षांत भंगारात निघाले. घरात कुणी शहाणं असलं तर ते खोकं देण्याआधी आतली डिस्क काढून ठेवायचं, कारण फोटो, गाणी, मुलाचा प्रोजेक्ट, सगळं तिच्यात. मग ती डिस्क कपाटात रुमालात गुंडाळून पडायची. पुढे कधीतरी आठवण व्हायची, तर नव्या लॅपटॉपला ती लावायला भोकच नसायचं. बाजारात एक वायर मिळायची, एक तोंड डिस्कला, दुसरं लॅपटॉपला. ती लोक आणायचे, लावायचे, आणि काहीच व्हायचं नाही. दुकानदार सांगायचा, गेली. लोक घरी येऊन सांगायचे, गेली. अर्धी माणसं त्या डिस्कचं सुतक पाळूनच ताईंकडे यायची.

ताईंचं निदान बहुतेक वेळा एकच असे. गेली नाही, उपाशी आहे. त्या जुन्या जाड डिस्कला लॅपटॉपमधून येणारी तेवढीशी वीज पुरत नाही, तिला स्वतःचा अडाप्टर वेगळा लागतो, आणि तोही पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट असा दोन्ही देणारा. पाचावर डोकं चालतं, बारावर पाय, असं त्या समजावत. आणि क्रम चुकवायचा नाही. आधी विजेची वायर लावायची, डिस्क पूर्ण वेगाने फिरू द्यायची आणि मगच लॅपटॉपची वायर जोडायची. "आधी जेवू दे, मग विचार," हे त्यांचं पालुपद. हा नियम त्या माणसांनाही लावत. त्यांच्याकडे कुणी रडत आलं काय, ओरडत आलं काय, आधी खायला मिळणार आणि नंतर ऐकून घेतलं जाणार. गॅसचं कनेक्शन तोडायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी आधी घावन खायला घातले होते. कनेक्शन तोडलं की नाही ते मला माहीत नाही.

ही विद्या त्यांनी कुठल्या क्लासात घेतलेली नव्हती. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये झाली. बाकीच्या बायका वर फोन जोडत बसायच्या, आणि ताई खाली माणसाएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगांत. गाव अंधारात गेलं तरी फोन चालू राहायचा तो या बॅटऱ्यांवर, आणि त्या ताईंवर. हे त्या कुणालाही न विचारता सांगत आणि सांगताना जरा ताठ बसत. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या सगळ्या सुती साड्यांना बारीक भोकं पडलेली होती. निवृत्त झाल्यावर त्याच साड्या त्या घरी वापरत. नवरा लवकर गेला होता, मुलगा बंगळूरला. मुलाने आईला विरंगुळा म्हणून एक कॉम्प्युटर धाडला, तो ताईंनी आठवड्याभरात खोलला. तेव्हापासून आम्ही त्यांच्या हॉललाही पॉवर रूमच म्हणायचो.

स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. बोलणं म्हणजे विजेचा झटका. दिवाळीत कुणी चकली दिली तर खाऊन सांगत की मोहन कमी पडलं. सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या की सेक्रेटरी घड्याळ बघायला लागायचे. माझ्या एका कवितेवर, जी आमच्या शाळेच्या अंकात छापून आली होती, त्यांचा अभिप्राय असा होता की शाई चांगली आहे. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर सोड्याची खिचडी आली, तर काय करणार.

पण एका बाबतीत ही बाई फार मोठी होती. डिस्क चालू झाली की त्या पडदा स्वतःकडून वळवून मालकाकडे करत. आत काय आहे ते बघायचं नाही. फोल्डरची नावं दिसली, डिस्क वाचतेय हे समजलं, संपलं. एकदा सेक्टरमधलेच एक सद्गृहस्थ डिस्क घेऊन आले. बायकोच्या जुन्या कॉम्प्युटरमधली आहे, तिला सांगू नका, मला जरा बघायचंय, म्हणाले. ताईंनी त्यांना पोहे दिले, ते खाऊन होईपर्यंत थांबल्या, मग डिस्क त्यांच्या हातात परत ठेवली आणि सांगितलं की जिची आहे तिला घेऊन या, मी लगेच चालू करून देते. गृहस्थ म्हणाले, अहो, मी नवरा आहे तिचा. ताई म्हणाल्या, तिचा आहात, डिस्कचे नाही. हे मी स्वतः ऐकलंय, मी तिथेच वाटाणे सोलत बसले होते.

आता बांगड्यांची गोष्ट. पनवेल गावात रियाझ म्हणून एक फोटोग्राफर होता, लग्नाची शूटिंग करणारा. कोकणी मुसलमान, गोड बोलणारा, वडील कुवेतला असायचे. त्याच्या स्टुडिओतल्या जुन्या डिस्क ताईंकडे नेहमी यायच्या. एकदा अशीच एक आली. ताईंनी खिळ्यावरचा अडाप्टर काढला, डिस्क ज्या डब्यात घालून चालवत त्या डब्यात गोल पिन बसवली, बटण दाबलं, आणि डिस्कमधून बारीकसा धूर आला. दोन अडाप्टर दिसायला अगदी सारखे, दोघांच्या पिना सारख्या गोल, सारख्याच बसणाऱ्या. पण बनवणारे वेगळे, आणि आतल्या तारांची जागा उलटी. जिथे पाच जायचे तिथे बारा गेले. वास घरभर पसरला, वर माझ्याकडेसुद्धा आला.

दुसऱ्या कुणी काय केलं असतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डिस्क आधीपासूनच गेलेली होती, एवढं म्हटलं की झालं. रियाझला काय कळणार होतं? ताईंनी साडी बदलली, रिक्षा केली आणि थेट त्याच्या स्टुडिओत गेल्या. मी सोबत गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा दिसत नव्हता. दुकानात गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर त्यांनी सांगितलं, "रियाझ, तुझी डिस्क मी जाळली. ती चांगली होती. चूक माझी आहे." त्यात कुणाचं काय होतं, हे रियाझने सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा उतरला ते आम्ही पाहिलं. मग खुर्ची पुढे करून म्हणाला, "बसा ताई. तुमी खुद सांगायला आलात. आता माझी एकही डिस्क मी दुसऱ्या कुणाकडे देनार नाय." आणि खरंच, पुढे शेवटपर्यंत त्याने दिली नाही.

घरी येताना ताई रिक्षात रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कासाराकडून वेगवेगळ्या रंगांच्या बांगड्या आणल्या आणि प्रत्येक अडाप्टर मीटरने तपासून त्याला एकेक बांधली. जो डबा ज्या अडाप्टरचा, त्यालाही त्याच रंगाची. आणि ती जळकी डिस्क? ती दाराजवळच्या स्टुलावर कायमची बसली. नवं माणूस आपली डिस्क द्यायला लागलं की ताई आधी ती दाखवत. ही मी जाळली, आता द्यायची तर द्या. काही माणसं घाबरून परत जात. त्यांच्याबद्दल ताईंना राग नव्हता, उलट आदरच होता.

ठमाबाईंची डिस्क आली ती त्यानंतर काही वर्षांनी. ती आणली निर्मलाने. निर्मला जवळच्या कोन गावची, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसायची. मेथी, मुळा, पावसाळ्यात शेवळं. ताईंची आणि तिची रोज सकाळी भांडणं व्हायची, आणि दोघींनाही त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. एक दिवस ती भाजी बाजूला ठेवून आत आली, पिशवीतून जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

तिची सासू ठमाबाई म्हणजे कोन आणि आसपासच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, धवला म्हणतात त्याला. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत सगळं गाण्यानेच चालतं आणि ते चालवते धवलारीण. ती गाणार, आणि तिच्या मागून बाकीच्या बायका म्हणणार. ठमाबाईंनी उभ्या गावाची लग्नं अशी लावली होती. कधीतरी त्यांच्या पुतण्याने हौसेने नवा कॉम्प्युटर घेतला, माईक लावला आणि सगळे धवले क्रमाने भरून ठेवले. पुतण्या पुढे बोटीवर नोकरीला गेला, कॉम्प्युटर भंगारात गेला, डिस्क राहिली. आणि आता ठमाबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली होती. घरात लग्न उभं होतं, निर्मलाच्या दिराच्या मुलीचं, दीक्षाचं. ठमाबाईंची स्वतःची नात.

"मी आयच्या मागं म्हनत आलेय सगली वर्सं," निर्मला म्हणाली. "मागनं सगला येतं मना. पन पयली ओळ येत नाय. ती आयच म्हनायची. पयली ओळच नाय तं मी पुढं जाऊ कशी, ताई? आमच्याच घरचा लगीन मुक्या मांडवान होनार काय?"

दोन दुकानांनी डिस्क गेली म्हणून सांगितलं होतं. ताईंनी तिला ती जळकी डिस्क दाखवली. निर्मला म्हणाली, तुमी जालून टाका नाय तं काय पन करा, तशी पन मेलेलीच हाय. तिचा हा हिशोब ताईंना पटला.

मोरपंखी बांगडीचा अडाप्टर लावला, बटण दाबलं. टक, टक, टक, आणि शांतता. परत टक, टक. कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ लावून ताई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मीटर लावला. बाराच्या जागी काटा नऊच्या आसपास घसरत होता. डिस्क उठायला जोर करायची, तेवढ्यात अडाप्टर दम सोडायचा. एवढी वर्षं पडून ती आखडली होती, पहिला हिसका द्यायला तिला जास्त वीज हवी होती. ताईंनी ओळीतले सगळे अडाप्टर एकेक करून लावून पाहिले. कुणाच्यानेही ती उठेना. निर्मला पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं, संपलं.

मला वाटून काय उपयोग. ताई उठल्या, माळ्यावरून जुन्या कॉम्प्युटरचं अख्खं खोकं खाली ओढलं, त्यातला विजेचा जाडजूड पेटारा काढला. त्याच्या गुच्छातली हिरवी तार आणि काळी तार एका क्लिपने जोडली की तो कॉम्प्युटरशिवायही चालू होतो, आणि एक सोडून चार डिस्क ओढेल एवढी वीज देतो. पण ताईंनी तो लगेच लावला नाही. निर्मलाला म्हणाल्या, आज नको. ही एकदा उठली तर परत उठेलच असं नाही, तेव्हा उठेल त्याच वेळी सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उचलून घ्यायचं. त्यासाठी जागा मोकळी करते, उद्या ये. आणि सासूला घेऊन ये. निर्मलाने विचारलं, आयला कशाला? ताई म्हणाल्या, वस्तू तिची आहे.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून ठमाबाई आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. ताईंनी सगळ्यांना आधी नाचणीची पेज दिली, मग टेबल फॅन पोळपाटाकडे वळवला आणि पेटाऱ्याचं बटण दाबलं. एक टक झालं. मग दुसरं. आणि मग खोल कुठूनतरी घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, अडखळला, परत चढला आणि टिकला. मला इतका आनंद झाला की मी निर्मलाचा हात धरला.

फाइली येऊ लागल्या. निर्मला म्हणाली, एक लावा ना, आयला ऐकू दे. ताईंनी साफ नकार दिला. आजारी डिस्कवर काही वाजवायचं नाही, आधी सगळं उचलायचं. सगळं येईपर्यंत दुपार सरली. डिस्क तव्यासारखी तापली होती, आणि ताई तिच्यापासून उठल्या नाहीत, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. शेवटची फाईल आल्यावर त्यांनी उचललेल्या गाण्यातलं एक लावलं.

ठमाबाईंचा आवाज खोलीत आला. खणखणीत, जाड, घाई नसलेला. खुर्चीतल्या ठमाबाई आधी दचकल्या. मग डोळे मिटून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर त्यांनी डावा हात उचलला, निर्मलाच्या हनुवटीला लावला आणि तिचं तोंड वर केलं. म्हण, असं. निर्मलाला पहिली ओळ मिळाली होती. ती म्हणाली, आणि चुकली. ठमाबाईंनी परत हनुवटी वर केली.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या फाटकाशी भाजी घेणं म्हणजे कसरत होती. ताईंनी सगळी गाणी एका कार्डात भरून निर्मलाच्या मोबाईलमध्ये घालून दिली होती. ती कानात इयरफोन घालून, ओठ हलवत मेथी निवडायची. मुळा मागितला तर माठ द्यायची. सुट्टे परत द्यायला विसरायची, आणि मग ओरडायची पण सुरात. तिला ताई एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मी नोंद घेण्यासारखं मानते.

पुढच्या वर्षी ताई मुलाकडे बंगळूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. भिंतीवरचे अडाप्टर रियाझ बांगड्यांसकट घेऊन गेला. मी त्यांना शेवटचं रेल्वे स्टेशनवर निरोप देताना पाहिलं, पण ते माझ्या लक्षात नाही. माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या दीक्षाच्या हळदीतल्या कुंदाताई, आणि शेवट मी तोच धरते.

हळद संध्याकाळची होती. कोनला अंगणात मोठा मांडव, बाजूला डीजेवाल्याचे माणसाहून उंच स्पीकर. ताई चक्क रेशमी साडी नेसल्या होत्या. ठमाबाईंना खुर्चीवर पुढे बसवलेलं. पाटावर दीक्षा, मळवट भरलेली. निर्मला तिच्यासमोर उभी, हातात हळदीचं ताट, मागे पाच-सहा बायका. ओठ हलवत ती पहिली ओळ घोकत होती हे लांबून दिसत होतं. तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून ठमाबाईंचा आवाज घुमला.

निर्मलाच्या नवऱ्याने बायकोच्या मोबाईलमधली गाणी डीजेवाल्याला दिली होती. त्याने चांगल्या मनानेच केलं होतं, हे आधी सांगते. आईचा आवाज नातीच्या हळदीला वाजावा, यात वाईट काय? मांडवभर लोक शहारले. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पोरांनी मोबाईल वर केले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. निर्मलाने तोंड मिटलं आणि ताट घेऊन अर्धं पाऊल मागे सरली.

पण धवला लावून द्यायचा नसतो. धवलारीण हात बघून गाते. हळद लावणारीचा हात कपाळावर असेल तर कपाळ, मामी अजून आली नसेल तर ओळ लांबवायची. स्पीकर कुणासाठी थांबेना. मामी पोचायच्या आत मामीची ओळ होऊन गेली. आणि मग नवरीचं नाव आलं. ते दीक्षाचं नव्हतं. गाणी भरली त्या वर्षी गावात जिचं लग्न होतं, त्या कुणा सुरेखाचं नाव ठमाबाईंनी घातलं होतं. एवढ्या मोठ्याने ते नाव आलं की दीक्षाने मान वर केली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही. ठमाबाई मात्र डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागल्या. घरचे म्हणाले, आय खूश झाली.

ताई माझ्या शेजारून उठल्या. मला वाटलं, ठमाबाईंकडे चालल्यात. त्या मांडवाच्या कडेने वायरीचा माग काढत बोर्डापर्यंत गेल्या, वाकल्या आणि डीजेचा जाड प्लग उपटून हातात घेतला.

आवाज मधूनच तुटला. सगळा मांडव वळून बघायला लागला. डीजेवाला धावत आला. निर्मलाचा नवरा आला, म्हणाला, "ताई, आवो आयची गानी हायत ती. तुमीच तं काडून दिलीत."

"हो," ताई म्हणाल्या. "पण ते सुरेखाचं आहे. निर्मला, आता दीक्षाचं म्हण."

निर्मला ताट घेऊन तिथेच उभी होती. तिने ठमाबाईंकडे पाहिलं, आणि ठमाबाईंनी लांबूनच हनुवटी वर केली. मग पहिली ओळ आली, बारीक, थरथरती. मागच्या बायकांनी ती उचलली. दुसऱ्या ओळीला आवाज जरा रुंदावला. मामी लगबगीने येत होती, तिच्यासाठी निर्मलाने ओळ लांबवली, आणि मामीचा हात नवरीच्या गालाला लागला तेव्हा दीक्षाचं नाव घेतलं. ठमाबाईंची मूठ सुटली.

डीजेवाला पोरगा ताईंच्या समोर हात पुढे करून उभा होता. ताईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. रेशमी साडीच्या पदराखाली प्लग घट्ट धरून त्या बोर्डाला पाठ लावून उभ्या राहिल्या, हळद पुरती लागून होईपर्यंत.